गळतीच्या खान्यातला आवाज

समजा, हे काम तुम्हाला दिलं आहे. कानावर हेडफोन, समोर पडदा, पडद्यावर चार खाने: आवड, तक्रार, सूचना, गळती. कानात एक अनोळखी माणूस बारा-पंधरा सेकंद बोलतो. त्याचं बोलणं संपलं की त्या चारपैकी एका खान्यावर क्लिक करायचं. लगेच दुसरा माणूस बोलू लागतो. दिवसाला साडेचारशे माणसं. नाव कळत नाही, नंबर कळत नाही, गाव कळत नाही. करून बघा. पहिल्या दिवशी मजा वाटते. चौथ्या दिवशी बसमध्ये शेजारचा 'जरा सरका' म्हणाला तरी मनात येतं, ही तक्रार की सूचना?

समाधान दीड वर्ष हे काम करतो आहे. मूळचा मेहकरचा, वय एकोणतीस. वाघोलीच्या एका कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि वाघोलीतच तिघांबरोबर खोली घेऊन राहिला. आमचं ऑफिस येरवड्यात, एका टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही कथा-कादंबऱ्यांची ध्वनिनाट्यं करतो. ती ऐकून लोक काय म्हणतात ते समाधान ऐकतो.

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी विज्ञान कादंबरी चोवीस भागांत ऐकवायला घेतली. ग्रंथालयात जिची पानं सुटी झालेली असतात आणि तरी जिच्यासाठी नंबर लावावा लागतो, अशी ती कादंबरी. चंद्रावरच्या तळावर सात माणसं अडकतात आणि हवा सहा जणांपुरतीच उरते. तळावरचा रेडिओ सांभाळणारी वसुधा सतराव्या भागात कोणाला न सांगता आपल्या खोलीत जाते, आतून दार लावते आणि हवेची झडप बंद करते. भाग तिथेच संपतो. शेवटचे अकरा सेकंद आम्ही काहीच ऐकवलं नाही.

प्रत्येक भागाच्या शेवटी आम्ही एक नंबर देतो. त्यावर श्रोत्याने मिनिटभर बोलायचं. पुण्याचा श्रोता ते मिनिट वाया घालवत नाही. "चंद्रावर पोचायला तीन भाग लागले. स्वारगेटहून हडपसरला निघाले होते का?" "मूळ पुस्तकात वसुधा कॉफी पिते. आपण तिला चहा पाजलात. कोणाला विचारून?" "हवा संपत आलेली असताना मध्येच मसाल्याची जाहिरात लागते. तेवढा वेळ हवा थांबते का?" असं काही आलं की समाधान एक हेडफोन काढून आमच्या कानाला लावायचा. सतराव्या भागानंतर मात्र त्याला हसायलाही सवड राहिली नाही. तिप्पट संदेश आले. माणसं रडत होती, भांडत होती, एका बाईंनी तर वसुधाने अहेव जायला हवं होतं म्हणून सांगितलं.

हे बोलणं समाधानकडे जसंच्या तसं येत नाही. आधी नंबर झाकला जातो. नंबर सांभाळणारी कंपनी वेगळी आहे, ते आम्हालाही दिसत नाहीत. मग एक गाळणी मागचे आवाज काढून टाकते, पंखा, मिक्सर, रस्त्यावरची वाहनं. मग बोलणारा जिथे थांबतो तिथे तुकडे पडतात आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याच्याकडे एकेक तुकडा जातो. आमच्याकडे असे पाच जण आहेत. ती गाळणी मी लिहिली आहे. चांगली चालते.

सतरावा भाग शुक्रवारी लागला. सोमवारी समाधानच्या कानात एक म्हातारा आवाज बोलला: "यापुढचे भाग माझ्याकडून ऐकले जाणार नाहीत. घरी अडचण होते, खोली एकच आहे. राग नसावा."

आवाज स्वच्छ, शब्द सावकाश आणि नीट. समाधानने 'गळती'वर, म्हणजे ऐकणं सोडणाऱ्यांच्या खान्यावर, क्लिक केलं. कारणाच्या जागी लिहिलं: घरात ऐकायला जागा नाही. शेजारी शेरा लिहिला: 'अशा ज्येष्ठ श्रोत्यांना स्वस्तात हेडफोन देता येतील.' आमच्या श्रोता विभागाची प्रमुख शेफाली हिने दुपारच्या बैठकीत तो शेरा मोठ्याने वाचून दाखवला. "याला म्हणतात डोकं लावून काम करणं," ती म्हणाली. समाधान लाजला.

बुधवारी शेफालीला जाहिरातीसाठी श्रोत्यांचे खरेखुरे आवाज हवे होते, न गाळलेले, घरातल्या भांड्यांच्या आवाजासकट. "साफ केलेलं खोटं वाटतं," असं तिचं म्हणणं. समाधान मूळ संदेश उघडून ऐकू लागला. त्यात तो म्हातारा आवाज पुन्हा लागला, या वेळी पूर्ण.

"नमस्कार. मी पहिल्या भागापासून ऐकतो. हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं. वसुधाने झडप बंद केली तो भाग फार चांगला वठला आहे." मग थोडा वेळ शब्द नाहीत. "तेव्हा मला तिचा राग आला होता. आता नाही आला. सहा जणांची हवा सात जणांना कशी पुरणार. एकाने उठायला पाहिजेच." पुन्हा शब्द नाहीत. "यापुढचे भाग माझ्याकडून ऐकले जाणार नाहीत. घरी अडचण होते, खोली एकच आहे. राग नसावा. सर्वांना शुभेच्छा."

आणि त्या सगळ्या बोलण्याच्या मागे, थांबण्यांच्या आतसुद्धा, एक घरघर चालू होती आणि दर काही सेकंदांनी एक फुसकारा. फुस्स, ठक. फुस्स, ठक.

समाधानने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याने मेहकरला आपल्या काकांच्या उशाशी अकरा दिवस काढले होते. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं मशीन घरी आणलं होतं, आणि घरातलं कोणीही त्या फुसकाऱ्याशिवाय झोपू शकेनासं झालं होतं, कारण तो थांबला तर? हा तोच आवाज होता. सोमवारी तो त्याच्या कानापर्यंत आला नव्हता, कारण माझ्या गाळणीने तो पंखा समजून काढून टाकला होता.

मी त्याच्या शेजारीच बसतो. त्याने मला ऐकवलं. मग विचारलं, "पहिला तुकडा कोणाकडं गेला होता?"

मी बघितलं. दुसऱ्या एकीकडे. तिने 'आवड'मध्ये टाकला होता. मधला तुकडा तिसऱ्याकडे. 'आवड, कथेची समज चांगली.' तिघांनी आपापलं काम बरोबर केलं होतं.

शेफालीने पूर्ण संदेश दोनदा ऐकला. ती दगड नाही, पण तिला एका वेळी वीस गोष्टी सांभाळायच्या असतात. "समाधान, ते म्हणतायत की भाग आवडला. खोली लहान आहे म्हणून ऐकणं बंद करतायत. तू त्यातून भलताच अर्थ काढतोयस."

"त्यांच्या नाकाला नळी आहे, शेफाली. आणि ते म्हणतात एकाने उठायला पाहिजे."

"आपण नाटक करतो रे. दवाखाना नाही चालवत."

"मग नंबर मागव. मी फोन करतो. नुसतं कसे आहात विचारतो."

तिने त्याच्यासमोर मेल लिहिला. नंबर सांभाळणाऱ्या कंपनीचं उत्तर तासाभरात आलं: विनंती कायदा विभागाकडे पाठवली आहे, कामकाजाचे तीन ते चार दिवस लागतील. समाधानने बोटं मोजली. मध्ये शनिवार-रविवार येत होते. संदेश शुक्रवारीच आला होता, त्याला आधीच पाच दिवस झाले होते.

गुरुवारी सकाळी तो ऑफिसला येण्याआधी एका पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदारांनी मोबाईलवरचा संदेश शांतपणे ऐकून घेतला, हे त्याने आवर्जून सांगितलं. मग ते म्हणाले, "नाव?" नाही. "पत्ता?" नाही. "नंबर?" येणार आहे. "अहो, मग मी शोधू कोणाला? पुण्यात म्हातारी माणसं कमी आहेत का? नंबर आला की या. रात्री-अपरात्री या, मी बघतो."

तिथून तो मार्केट यार्डाजवळ गेला. अशी मशीनं भाड्याने देणारी पंधरा-वीस दुकानं त्याने फोनवर शोधून ठेवली होती, पहिलं पोपटशेठ नावाच्या माणसाचं निघालं. दुकान कसलं, गुळाच्या गाळ्यामागची खोली, भिंतीला टेकवून ठेवलेली पांढरी मशीनं. पोपटशेठनी संदेश कानाला लावला आणि शब्दांकडे लक्षच दिलं नाही.

"पाच लिटरचं आहे," ते म्हणाले. "जुनं. कॉम्प्रेसर ओढतोय बघा. फिल्टर चोंदलाय."

"म्हणजे काय होतं, काका?"

"आठवड्याला जाळी धुवायची असते. साध्या नळाखाली. दोन मिनिटांचं काम. ही दीड-दोन महिने धुतलेली नाही." त्यांनी फोन परत दिला. "तुमचे कोण?"

"कोणी नाही."

"घरात त्यांना कोणी बघत नसणार. नाहीतर एवढा आवाज येत नाही."

"तुमच्याकडचं मशीन असेल का?"

"माझी साठ-सत्तर बाहेर आहेत. असे माझ्यासारखे शहरात दीडशे जण. करोनात तर ज्याने त्याने विकतच घेऊन ठेवली, त्याची कुठे नोंद?" तरीही पोपटशेठनी वही काढली आणि एका खोलीत राहणाऱ्या, एकट्या पडलेल्या म्हणून आठवतील त्या सहा जणांना समाधानसमोर फोन लावले. सहाही जणांनी उचलला. सहाव्या आजोबांनी तर मशीनवाल्याने आपणहून चौकशी केली म्हणून संशयाने विचारलं, "काय, भाडं वाढवताय का?"

त्या दिवशी समाधानने अकरा दुकानं केली. संध्याकाळी तो ऑफिसात आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि आवाज बसला होता. शेफाली निघायच्या तयारीत होती. तो तिच्या टेबलापुढे उभा राहिला.

"उद्या अठरावा भाग आहे. सुरुवातीला वीस सेकंद दे. त्यांनी ऐकणं सोडलं नसेल तर ऐकतील."

"काय सांगणार? आजोबा, जीव देऊ नका?"

"काहून असं बोलते?" तो एकदम गावच्या बोलीवर गेला. ऑफिसात तो तसं कधी बोलत नाही. शेफाली खाली बसली.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघांनी ते वीस सेकंद लिहिले. तिची एकच अट होती, कोणी घाबरेल असं काही नको. शेवटी ठरलं ते असं: 'सतराव्या भागानंतर आम्हाला निरोप पाठवणाऱ्या, जवळ हवेचं मशीन असणाऱ्या आजोबांना विनंती. तुमचं बोलणं आमच्यापर्यंत पोचलं आहे. आम्हाला तुमच्याशी बोलायचं आहे. कृपया याच क्रमांकावर तुमचा नंबर सांगा. आम्ही वाट पाहतो आहोत.' आता हे वाचणार कोण? समाधानचा आवाज बसलेला. शेफाली म्हणाली, "तेजस्विनीला सांगू. श्रोते तिचं ऐकतात." मलाही ते पटलं. समाधाननेही मान डोलावली. तेजस्विनी म्हणजे वसुधाचं काम करणारी नटी. तिने रिक्षातून जाता जाता नाही, घरी जाऊन, कपाटात तोंड घालून नीट ध्वनिमुद्रण करून पाठवलं. फार मनापासून वाचलं होतं.

शुक्रवारी सकाळी आठला भाग लागला. सव्वाआठला पहिला संदेश आला: "वसुधा जिवंत आहे! मला माहीत होतं!"

मेलेल्या माणसाचा आवाज पुढच्या भागाच्या सुरुवातीला आला, तोही कोणाला तरी हवेच्या मशीनबद्दल विचारत. लोकांनी तो नाटकाचाच भाग धरला. दुसरं काय धरणार? दुपारपर्यंत चारशे संदेश, संध्याकाळी सातशे. "आजोबा म्हणजे तळ बांधणारे शास्त्रज्ञ, ते अजून चंद्राच्या दुसऱ्या बाजूला आहेत, बरोबर ना?" "मूळ पुस्तकात आजोबा नाहीत. हे घुसडलेले आजोबा कृपया काढावेत." "प्रसिद्धीची नवी तऱ्हा आवडली. आजोबांना आमचा नमस्कार सांगा आणि त्यांचा पगार वेळेवर करा." आणि सगळ्यात वाईट, होस्टेलमधली पोरंपोरी म्हाताऱ्यांचे आवाज काढून बोलत होती: "मी आजोबा बोलतोय... माझी हवा संपत आलीय... फुस्स... फुस्स..." आणि मागे खिदळणं.

शेफालीला मालकांचा फोन आला. श्रोते एका दिवसात इतके वाढले म्हणून अभिनंदनाचा.

समाधानने मला गाळणी बंद करायला सांगितली. तुकडे पाडणंही बंद. शुक्रवार, शनिवार, रविवार तो एकटा सगळे संदेश मुळातून, पूर्ण ऐकत होता. बोलणं नाही, त्यामागचं. कोण काय म्हणतंय याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. त्याला फक्त तो फुसकारा हवा होता. तोंडाने काढलेला फुसकारा दोन-तीनदा झाला की चुकतो, मशीन चुकत नाही, हे तो पहिल्या पन्नासांत शिकला. रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेलो. त्याने दोन घास खाल्ले आणि पुन्हा हेडफोन चढवला.

"किती झाले?"

"सहाशे दहा."

"आणि?"

"तीन."

तीन संदेशांत खरंखुरं मशीन होतं. तिन्ही वेगळी माणसं. एक बाई साताऱ्याच्या, मंदाकिनी म्हणून. त्यांनी सांगितलं होतं, "मी ते आजोबा नव्हे. पण माझ्याकडेही हे मशीन आहे, म्हणून मला कळलं की तुम्ही खरंच कोणाला तरी शोधताय. सापडले की एवढं कळवा." सहाशे दहा माणसांत ज्यांना नाटक कुठे संपतं ते कळलं, ती ही तीन. समाधानने तिघांनाही फोन केला. मंदाकिनीबाईंना त्याने जाळी धुता का, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "धुते हो बाळा. तू जेवलास का?" त्यावर त्याने फोन माझ्याकडे दिला.

आजोबांचा नंबर मंगळवारी साडेअकराला आला. संदेश आल्यापासून अकरावा दिवस. सोबत कायदा विभागाची सूचना होती: फोन ऑफिसातूनच करावा, तो ध्वनिमुद्रित व्हावा, आणि बोलण्याआधी संमतीचा मजकूर वाचून दाखवावा. समाधानने एका कागदावर पाच प्रश्न लिहून ठेवले होते. शेफाली त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

चौथ्या घंटीला एका बाईंनी उचललं. मागे कुकरची शिट्टी झाली. समाधानने सगळ्यात आधी त्या शिट्टीच्या पलीकडे कान दिला. घरघर नव्हती.

"नमस्कार, हा फोन गुणवत्तेच्या कारणासाठी ध्वनिमुद्रित केला जात असून, आपण बोलणं चालू ठेवल्यास आपली संमती आहे असं..." तो वाचत गेला. त्याला ते वाचायचं नव्हतं, हे त्याच्या घाईवरून कळत होतं.

"आम्हाला कर्ज नको," बाई म्हणाल्या.

"कर्ज नाही ताई. या नंबरवरून आजोबांनी आमच्या नाटकाबद्दल निरोप पाठवला होता. त्यांच्याशी बोलायचं होतं."

"ते नाहीत इथं."

"म्हणजे?"

"धाकट्या दिरांकडे गेलेत. भोरच्या पुढं."

"कधी, ताई?"

"झाले आठ-दहा दिवस. त्यांनीच हट्ट धरला, मला तिकडं न्या म्हणून." मग त्यांचा सूर बदलला. "तुम्ही त्या नाटकवाल्यांपैकी का? दिवसभर फोन छातीवर ठेवून ऐकत बसायचे. पोरांच्या परीक्षा, घरात दीड खणाची जागा. आता हा फोन मी वापरते. यावर तुमचे मेसेज पाठवू नका."

"ताई, एकच विचारतो, त्यांचं..."

फोन तुटला. लगेच पुन्हा लावला, उचलला नाही. नंतर लागेनासा झाला. संध्याकाळी माझ्या नंबरवरून लावला, तेव्हा समाधानचं 'नमस्कार' ऐकताच त्यांनी बंद केला आणि मग तोही लागेना.

त्याच संध्याकाळी तो चौकीत गेला. हवालदारांनी शब्द पाळला, स्वतःच्या मोबाईलवरून त्या बाईंना फोन लावला. नीट बोलून त्यांनी सांगितलं, "सासरे मुलाकडे आहेत म्हणतात. धाकट्याचा नंबर मागितला, तर म्हणाल्या भांडण आहे, आमच्याकडे नाही. आता यात मी काय लिहू? म्हातारा माणूस एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेला, हा गुन्हा नाही."

"मशीनचं विचारलंत का?"

"कसलं मशीन?" हवालदार म्हणाले. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला. बंद होता.

शेफालीने दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी घ्यायला सांगितली. "चांगलंच झालं ना," ती म्हणाली, "सुखरूप आहेत, मुलाकडे आहेत. आता सोड." ती हे त्याच्या भल्यासाठीच म्हणत होती. समाधानने सुट्टी घेतली आणि भोरची एसटी पकडली. भोरच्या पुढे रस्ता तीन दिशांना फुटतो आणि आडनावसुद्धा त्याच्याकडे नव्हतं. दोन औषधांच्या दुकानांत आणि एका सरकारी दवाखान्यात विचारून तो परत आला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं, त्या बाजूच्या वाड्यांवर दिवसातून चार-चार तास वीज नसते, तिकडे असं मशीन न्यायचं तर इन्व्हर्टर लागतो.

चोवीसावा भाग लागून आता दोन महिने झाले. गाळणी पुन्हा चालू आहे, मालकांनी तसं सांगितलं. समाधान त्याच खुर्चीत बसतो. फरक एवढाच की त्याने स्वतःपुरती सगळ्यांचे मूळ आवाज ऐकायची परवानगी मागून घेतली आहे, त्यामुळे त्याच्या दिवसाला साडेचारशेऐवजी दीडशेच माणसं होतात आणि शेफाली ते कुठेतरी भरून काढते. 'गळती'वर क्लिक करायला त्याला अजून वेळ लागतो.

परवा चहा पिताना तो म्हणाला, मला बाकी काही नको. त्यांनी आपणहून जायचा हट्ट का धरला, हे नको. भांडण कशावरून, तेही नको. त्या कागदावरचे पाच प्रश्न होते ना, त्यातला फक्त तिसरा. तो आधी विचारायला हवा होता, संमतीच्याही आधी, नमस्काराच्याही आधी. ताई, ते गेले तेव्हा मशीन बरोबर नेलं का?